व्हायोलांसाठी थांबलात, त्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

परवा कंडक्टर म्हणून तुम्ही वाद्यवृंदाकडून माझी रचना दुसऱ्यांदा वाजवून घेतलीत आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. कार्यक्रमानंतर मंचामागे तुम्हाला भेटले, पण गळा दाटून आला आणि नमस्कारापलीकडे काही बोलता आलं नाही. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय.

नव्या रचनेला पहिला प्रयोग मिळणं अवघड, पण दुसरा मिळणं त्याहून अवघड. पहिला प्रयोग वाद्यवृंदाला मिरवता येतो, पत्रकावर ठळक छापता येतो. दुसऱ्यात मिरवण्यासारखं काही नसतं, तिथे रचना खरोखर आवडलेली असावी लागते. किती चांगल्या कृती एका संध्याकाळपुरत्या जगल्या आणि कपाटात गेल्या! तुम्ही मात्र उभ्या कारकिर्दीत हयात रचनाकारांना वाजवत आलात, आणि एकदा वाजवून सोडून दिलं नाहीत.

तुमच्याआधी एका नावाजलेल्या वाद्यवृंदाकडे मी हीच स्वरलिपी (स्कोअर) पाठवली होती. पुष्कळ महिन्यांनी ती परत आली, तेव्हा पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी माझी आधीची रचना घेतली खरी, पण तिच्या वाट्याला तालमीचा उरलासुरला वेळ आला. वादकांचं लक्ष घड्याळाकडे. कंडक्टरांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा हाकलली आणि "रात्री जमेल" म्हणून स्कोअर मिटला. रात्री जमलं नाही. दोष मात्र रचनेच्या माथी आला. ते अजून सलतं.

तुम्ही माझी रचना तालमीत सगळ्यात आधी घेतलीत, वादक ताजेतवाने असताना. आणि मग ती जागा आली. पितळी वाद्यं पूर्ण जोरात, आणि त्यांच्याखाली चार भागांत विभागलेले व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठी, खालच्या सुरातली तंतुवाद्यं), अर्ध्या स्वराच्याही निम्म्या अंतराने सरकणारे. इतर कुणी ती जागा तशीच पुढे नेली असती, कारण श्रोत्यांना ते सूर वेगळे ऐकू येणारच नव्हते. तुम्ही हातातली छडी, बॅटन, खाली ठेवलीत. बाकी सगळ्यांना थांबवून फक्त व्हायोलांना संथ लयीत वाजवायला सांगितलंत. एकदा, मग पुन्हा. मासिक चाळणाऱ्या ट्रम्पेटवादकाने मासिक मिटून मान वर केली. मग तुम्ही मागे वळून रिकाम्या सभागृहात मला शोधलंत आणि विचारलंत, "चौथा भाग अजून जरा खाली हवा ना?"

हवा होता, सर. अगदी तेवढाच हवा होता. पूर्ण वाद्यवृंद पुन्हा वाजला तेव्हा तो सगळा स्वरसमूह खालून उजळल्यासारखा झाला. लिहिताना मी जे ऐकलं होतं, ते पहिल्यांदा माझ्या कानांवर पडलं.

कंडक्टर हान्स रोसबाउड यांनी 1955 साली रचनाकार बुलेझ यांची सहा वादक आणि एका गायिकेसाठी लिहिलेली रचना पहिल्यांदा सादर केली, तेव्हा म्हणे पन्नासेक तालमी घेतल्या. 1943 मध्ये रचनाकार बार्तोक न्यूयॉर्कच्या रुग्णालयात पडून होते, तेव्हा कंडक्टर कुसेवित्स्की स्वतः त्यांच्या खाटेपाशी गेले आणि नव्या कृतीची मागणी करून अर्धं मानधन देऊन आले. त्यातून जी कृती झाली, ती आज जगभर वाजते. आधी या गोष्टी मी आदराने वाचायचे, पण दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबातल्या म्हणून. आता मला वाटतं, त्या रुग्णालयातल्या खोलीत पैशांपेक्षा मोठं काहीतरी घडलं असणार. आपल्या डोक्यातलं न लिहिलेलं संगीत कुणालातरी हवं आहे, हे आजारी माणसाला कळलं असणार.

सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं, असं लोक समजतात. गोड नकार मला भरपूर मिळालेत. तुम्ही माझं एकदाही तोंडभरून कौतुक केलं नाहीत. तुम्ही स्कोअर वाचलात, इतका की माझ्या चौथ्या व्हायोलाच्या सुराची उंची तुमच्या कानात होती. असं कुणी आपलं काम पाहिलं की पुढची कित्येक वर्षं लिहीत राहायचं बळ येतं.

या हंगामानंतर तुम्ही प्रमुख कंडक्टरपद सोडताय, असं ऐकलं. वाईट वाटलं, पण विश्रांती तुमच्या हक्काची आहे. जाण्याआधी एक काम कराल का? व्हायोलावादकांना माझे आभार कळवा. विशेषतः मागच्या डेस्कवरच्या त्या दोघींना. तालीम संपल्यावर त्याच जागेसाठी बोटं कुठे ठेवायची, ते विचारायला त्या माझ्याकडे आल्या होत्या.

आपली कृतज्ञ,
एक रचनाकार