मागच्या झाकणाच्या आतले तुझे अक्षर

कराड,
18 ऑगस्ट

प्रिय बाळू यास,

सप्रेम नमस्कार.

इतक्या वर्षांनी पाकिटावर माझे अक्षर पाहून तू ते फोडशील की तसेच बाजूला ठेवशील, याची मला खात्री नाही. घरी सर्व ठीक. माझी साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे. परवा मास्तरांच्या घरचा, काकूंचा टीव्ही माझ्या टेबलावर आला, आणि त्याचे मागचे झाकण उघडल्यापासून तुला लिहिल्यावाचून राहवेना.

तोच, मास्तरांनी 2009 साली घेतलेला 32 इंची एलसीडी. काकूंची तक्रार अशी की, चालू केला की चित्र दोन सेकंद दिसते आणि विझते, आवाज मात्र चालू राहतो. आणि जेव्हा कधी टिकते तेव्हा उजवीकडे वरपासून खालपर्यंत काळा पट्टा असतो. "बातम्या सांगणारी मुलगी मला चार दिवसांपासून अर्धीच दिसते आहे," असे त्या म्हणाल्या. मुलगा नवीन टीव्ही घेऊन देतो म्हणतो, पण मास्तरांनी स्वतः भिंतीला लावलेला हा टीव्ही त्यांना कायमचा उतरवू द्यायचा नाही.

तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही नाही, तरी सगळे क्रमाने लिहितो, कारण कुठे चुकलो असेन तर ते तूच दाखवू शकशील. पडदा विझल्यावर त्यावर तिरपी बॅटरी मारली, तेव्हा आत चित्र अंधुक हलताना दिसले. म्हणजे पॅनेल जिवंत होते, केवळ मागचा उजेड जात होता. मागच्या उजेडाच्या ट्यूबा पेटवणाऱ्या इन्व्हर्टरला 24 व्होल्ट लागतात. मीटरवर ते सुरुवातीला बरोबर दिसत, आणि ट्यूबा पेटताच 19 पर्यंत कोसळत, की इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेई. पॉवर बोर्ड काढण्याआधी मास्तरांच्या शिस्तीप्रमाणे मोठा कपॅसिटर 60 वॅटच्या बल्बवर रिकामा केला. 24 व्होल्टच्या वाटेवर 1000 मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर होते. दोन ठणठणीत, आणि तिसऱ्याचे डोके फुगलेले.

ते दोन वेगळ्या बनावटीचे का, असा विचार करीत झाकण उलटे केले, तर आतल्या बाजूस मास्तरांच्या पद्धतीप्रमाणे पेनने तारीख आणि काम लिहिलेले होते, पण अक्षर मास्तरांचे नव्हते. "9.10.2016. दोन कपॅसिटर बदलले, तिसरा चांगला आहे. तिसऱ्या टॅबवर सिलिकॉन." तुझा तो आडवा 'स' मी अंधारातही ओळखीन. तू कराडला येऊन गेलास, मास्तरांच्या घरी बसून हे काम केलेस, आणि चौकातल्या दुकानापर्यंत आला नाहीस. त्याचे कारण मला कोणी सांगण्याची गरज नाही.

कपॅसिटर तिन्ही एकदमच बदलावेत हे माझे मत आणि जो बिघडला तोच बदलावा हे तुझे, यावर आपण किती चहा थंड केले! या एका खटल्यात तिसऱ्या कपॅसिटरने सात-आठ वर्षांनी का होईना, माझ्या बाजूने साक्ष दिली, एवढे मान्य कर. मी 35 व्होल्टचे, 105 अंशांचे तिन्ही नवे घातले. 24 व्होल्ट स्थिर झाले आणि उजेड टिकला.

पट्टा मात्र तसाच राहिला. टीव्हीचाच मेनू उघडून पाहिला, तर पट्टा मेनूवरूनही जात होता, म्हणून सेट-टॉप बॉक्स आणि त्याची वायर यांवरचा संशय संपला. टी-कॉनकडे, म्हणजे पॅनेलला चित्राचे संकेत देणाऱ्या बोर्डाकडे, जाणारी केबल आणि तिथून पॅनेलला जाणाऱ्या दोन्ही चपट्या फिती काढून, टोके पुसून पुन्हा बसवल्या. फरक पडला नाही. पट्टा सुमारे 12 सेंटिमीटर रुंद, कडा दोरीने आखल्यासारख्या सरळ. वरच्या काठाला सहा टॅब, म्हणजे पडद्याच्या एकेका उभ्या भागाला संकेत पोचवणारे, काचेला चिकटवलेले लवचीक जोड, आहेत आणि पडदा 70 सेंटिमीटर, तेव्हा हा एका टॅबचा हिस्सा होता हे उघड झाले. पुढची चौकट काढून पाचव्या टॅबवर अंगठा ठेवला आणि चित्र पूर्ण झाले. अंगठा उचलला की पुन्हा काळोख. काचेला टॅब धरणारा तो चिकट थर सैल झालेला. तिथे आपला सोल्डरिंग आयर्न चालत नाही, बाँडिंग मशीनच हवे, आणि या वयाच्या पॅनेलसाठी तेवढा खर्च करावा असे मी काकूंना सांगू शकत नाही.

त्याच काठावर, तिसऱ्या टॅबवर, तुझी सिलिकॉनची पट्टी जशीच्या तशी होती. मऊ, सरळ कापलेली, आणि तिच्याखालचे चित्र निर्दोष.

2015 साली तू टॅबवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून दिलेला टीव्ही दोन महिन्यांत परत आला, तेव्हा गिऱ्हाईकासमोर मी तुला फसवणूक करणारा म्हणालो. तो रबर पडद्यामागच्या ट्यूबांच्या उष्णतेने कडक झाला होता, एवढीच त्यातली चूक होती. तू ती चूक शोधून काढलीस, दुसरी वस्तू वापरलीस, आणि आपल्या मास्तरांनी तुझ्या हातावर विश्वास ठेवून स्वतःचा टीव्ही तुझ्यापुढे ठेवला. मी बोललो ते चुकीचे होते, आणि इतकी वर्षे गप्प राहिलो ते त्याहून चुकीचे. त्याबद्दल तुझी क्षमा मागतो.

आता माझी अडचण. मीही पाचव्या टॅबवर सिलिकॉनची पट्टी घातली आहे. काकूंना स्पष्ट सांगितले की ही दुरुस्ती आधारावर उभी आहे, आणि पैसे केवळ कपॅसिटरचे घेतले. त्यांनी विचारले, "मग किती दिवस चालेल?" मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही. चौकट घट्ट केली की चित्र पूर्ण येते, परंतु पट्टीखाली काठावर बोटभर फिकट डाग पडतो. सैल केली की डाग जातो आणि एक बारीक हिरवी रेघ उभी राहते. माझी पट्टी 2 मिलिमीटरची आहे. तुझी त्याहून पातळ वाटते, पण ती उचलून मोजण्याचे मला धाडस झाले नाही. तू टॅबच्या पूर्ण रुंदीवर दाब दिला होतास की काचेकडच्या अर्ध्या भागावरच? अधिक आवळले आणि काच तडकली, तर काकूंना काय तोंड दाखवू?

तुझी मुलगी नोकरीला लागल्याचे ताईकडून कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा करतो.

माझ्या पट्टीचा कापून उरलेला तुकडा या पाकिटात ठेवला आहे. बोटांत दाबून जाडी आणि मऊपणा कसा वाटतो ते कळव. तुझ्या नोंदीखाली मी तारीख घातली आहे आणि पुढची जागा कोरी ठेवली आहे. चौकटीचे वरचे दोन स्क्रू तुझे उत्तर येईपर्यंत सैलच राहतील.

तुझा,
नाना