ऑफर लेटरचं दुसरं पान

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ऑफर लेटरचा फोटो मिळाला, पण तू पहिलंच पान पाठवलंस. सीनियर सेल्सचं पद, वर्षाच्या पगाराचा आकडा, सगळं छान आहे. इन्सेंटिव्ह, म्हणजे विक्रीचं टार्गेट गाठल्यावर मिळणारे पैसे, कसा मोजणार ते दुसऱ्या पानावर असतं, आणि माझा जीव तिथे अडकलाय. २६ वर्षं दुकानाच्या फ्लोअरवर उभी राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्यात, तेवढं तरी कळणारच की.

तो आकडा १०० धर. त्यातले ७० पक्के आणि ३० टार्गेटवर असतील, तर घरखर्च ७० मध्येच बसव. माझ्या एका नोकरीत टार्गेटच्या ८० टक्क्यांच्या खाली इन्सेंटिव्ह शून्य होता. एकदा महिनाअखेरीला मी ८२ वर होते, म्हणून निर्धास्त होते. शेवटच्या संध्याकाळी एक फ्रिज परत आला आणि मी ७९ वर. चूक ना माझी, ना गिऱ्हाइकाची. फ्रिज खरंच नादुरुस्त होता. उलटंही झालंय. एका वर्षी ११८ टक्के धंदा केला, टाळ्या मिळाल्या, आणि पुढच्या वर्षीचं टार्गेट त्या ११८ वरूनच सुरू झालं.

तुझे बाबा म्हणतात, दुकानंच राहणार नाहीत तर या पदाला काय चाटायचंय? हे मी आयुष्यभर ऐकत आले. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला पिगली विगली नावाचं किराणा दुकान निघालं आणि गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने माल उचलू लागलं. १९७४ मध्ये ओहायोतल्या एका सुपरमार्केटात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. ॲमेझॉनने २०१८ मध्ये सिएटलला कॅशियर नसलेलं दुकान लोकांसाठी उघडलं, आणि २०२४ मध्ये आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून तीच व्यवस्था काढायला घेतली. तरी बाबांचं अर्धं खरं आहे. माल काढून देणं, बिल करणं, किंमत सांगणं ही कामं गेली ती गेलीच. अशा कामाच्या जागा आणखी कमी होतील.

उरलं काय, ते सांगते. एक जोडपं मोबाइलवर किंमत उघडूनच आलं होतं. वॉशिंग मशिनचं मॉडेल ठरलेलं, फक्त पैसे कमी करा म्हणाले. मी विचारलं, बाथरूमचा दरवाजा किती रुंद आहे? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. घरी फोन करून माप घेतलं, तर मशिन तीन बोटं जास्त. मग दुसरं घेतलं, आणि किंमतीचा विषय पुन्हा निघालाच नाही. सीनियरला पगार द्यायचा तो यासाठी. म्हणून फर्निचर, दागिने, मोठी उपकरणं अशा विचार करून घ्यायच्या मालात अनुभवाला भाव आहे, रोजच्या सामानात फारसा नाही.

आता गिऱ्हाईक घरूनच बघून येतं, त्यामुळे फूटफॉल, म्हणजे दुकानात येणारी माणसं, घटतो आणि कन्व्हर्जन, म्हणजे त्यातले घेऊन जाणारे, त्यांचं प्रमाण वाढतं. पूर्वी १०० जण येऊन २० बिलं व्हायची, आता ७० जणांतच २० होऊ शकतात. तुझं टार्गेट कुठल्या वर्षाच्या फूटफॉलवरून काढलंय, ते विचार. तू तासभर समजावलंस आणि माणसाने घरी जाऊन त्याच कंपनीच्या ॲपवर ऑर्डर दिली, तर ते बिल कोणाच्या नावावर? रिटर्न कोणत्या महिन्यात कापतात? आजारपणाच्या रजेत टार्गेट कमी होतं का?

आणखी एक खुपणारी गोष्ट. किमान वेतन वाढलं की नव्या मुलांचे पगार वर सरकतात, सीनियरचा मात्र तिथेच राहतो. शेवटी शेवटी मी ज्यांना शिकवलं त्यांच्यात आणि माझ्यात फरक नावालाच उरला होता. तेव्हा तुझ्या खालच्या पदाला काय देतात, तेही हळूच काढ.

दुसऱ्या पानाचा फोटो आज रात्री पाठव. सही उद्या कर.

तुझी,
आई