आईच्या पाठीच्या इंजेक्शनांविषयी

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

तो दवाखाना सुचवतो ती पीआरपीची (आपल्याच रक्तापासून बनवलेली) किंवा स्टेम सेलची (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींची) इंजेक्शने आईने पाठीत घ्यावीत का, असे रविवारी बाबांनी फोनवर विचारले. त्याचे उत्तर घाईघाईत द्यायचे नव्हते, म्हणून हे पत्र. त्या दवाखान्याचे माहितीपत्रक आणि आईच्या एमआरआयचा अहवाल मी पुन्हा नीट वाचला. मणक्यांच्या मागच्या बाजूचे फॅसेट सांधे झिजले आहेत, असे अहवालात लिहिले आहे. परंतु साठी उलटलेल्या पुष्कळांच्या एमआरआयमध्ये अशी झीज दिसते आणि त्यांतल्या अनेकांचे काहीच दुखत नसते. आई, दोरीवरचे कपडे काढताना मागे झुकलीस की तुला कळ येते आणि ती गुडघ्याखाली उतरत नाही, म्हणून दुखणे या सांध्यांचेच असावे असे मलाही वाटते. मात्र ते नुसते वाटून चालणार नाही, कारण याची खात्री करून घेण्याची सोय आहे.

कमरेतल्या प्रत्येक फॅसेट सांध्याची वेदना साधारण दोन बारीक नसांमधून पुढे जाते. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत त्या नसांजवळ भुलीचे थोडे औषध सोडतात आणि पुढच्या काही तासांत दुखणे किती उतरले याची नोंद ठेवायला सांगतात. ते उतरलेच नाही, तर त्या सांध्यात कोणतेही महागडे इंजेक्शन देण्यात अर्थ उरत नाही. त्या दवाखान्याने या चाचणीचा उल्लेखही न करता थेट आगाऊ रकमेचा आकडा सांगितला, हे मला खटकले.

बाबा, पीआरपी आणि स्टेम सेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; माहितीपत्रकात त्यांची सरमिसळ केली आहे. पीआरपीमध्ये आपलेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) दाट झालेला भाग सांध्यात सोडतात. सांध्यात नेहमी देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने आईची साखर काही दिवस वाढेल, ती अडचण यात नाही, आणि म्हणूनच मी पीआरपीला सरसकट नाही म्हणत नाही. फॅसेट सांध्यांसाठी त्याचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. काहींत आराम पडल्याचे दिसते, पण झिजलेली कूर्चा (सांध्यातली मऊ गादी) पुन्हा तयार होते असे सिद्ध झालेले नाही.

स्टेम सेलला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसारख्या मोजक्या मान्य उपचारांखेरीज स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. जे अजून संशोधनच आहे, त्याचे पॅकेज करून विकणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

भुलीच्या औषधाच्या चाचणीत सांधेच दोषी ठरले, तर रेडिओफ्रिक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) त्या नसा तापवून बधिर करण्याचा मार्गही आहे. त्याने सांधा बरा होत नाही, नसही कालांतराने पुन्हा वाढते. पण अनेकांना सहा महिने ते वर्षभर आराम मिळतो, आणि तेवढ्या अवधीत फिजिओथेरपीचे व्यायाम नीट करता येतात. (ते व्यायाम दिवाळीपासून बंद आहेत, हे बाबांनी मला सांगितले आहे.)

मी पुढच्या शनिवारी येते. आपण वेदनातज्ज्ञांकडे एकत्र जाऊ. एमआरआयची सीडी, साखरेचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे आणि सगळ्या गोळ्यांची यादी काढून ठेवा. पीआरपीआधी काही वेदनाशामके थांबवावी लागतात, पण तज्ज्ञांना विचारल्याशिवाय आईने एकही गोळी बंद करू नये. मध्येच पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर माझी वाट न पाहता लगेच मोठ्या रुग्णालयात जा. तोवर आगाऊ रक्कम भरू नका.

तुमची,
लेक