कार्डिफची दुकाने इंटरनेट येण्याआधीच मिटू लागली होती

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

ब्रिटनमधील मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स एकामागून एक बंद पडल्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला आहे, त्यात कार्डिफचा उल्लेख ओझरता का होईना, पण आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. १९७३ च्या हिवाळ्यापासून मी या शहरात राहते. लेखकाने साऱ्या पडझडीचे खापर ऑनलाइन खरेदीवर फोडले आहे, परंतु वेल्सच्या या राजधानीपुरते बोलायचे तर ते म्हणणे तारखांसमोर टिकत नाही. डेव्हिड मॉर्गन हे दुकान २०१५ मध्ये बंद झाल्याचे लेखात छापले आहे. ते २००५ च्या जानेवारीत बंद झाले. हा मुद्रणदोष असेल तर असो, पण नेमक्या या दहा वर्षांमुळे लेखाचा निष्कर्ष उलटा पडतो, असे माझे म्हणणे आहे.

ज्यांनी ही दुकाने पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मी आले त्या नोव्हेंबरात माझ्याजवळ साडीवर घालण्याजोगा एकही कोट नव्हता. कोट दुकानांत ढिगाने होते, पण बहुतेक गुडघ्यापर्यंतचे, आणि त्याखाली हातभर साडी पावसात भिजत राहायची. डेव्हिड मॉर्गनमधील कोटांच्या दालनातल्या वयस्क विक्रेतीने मला आरशासमोर उभे केले, खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप सोडला आणि साडी नेमकी कुठपर्यंत येते हे मान तिरकी करून नीट पाहून घेतले. मग आतून दोन मापे मोठा, करड्या लोकरीचा एक कोट आणून ती म्हणाली की खांदे आणि बाह्या आमच्याकडे आत घेऊन मिळतील, लांबी मात्र अशीच ठेवा. आठवड्याने कोट तयार झाला. त्याचे अस्तर मी तेव्हापासून दोनदा बदलले आहे.

त्याच दुकानात दोरे, बटणे, लेस आणि फिती यांचे दालन होते. तिथे ब्लाउजच्या कापडाचा तुकडा घेऊन मी रंग जुळवायला जात असे. दिव्याखाली रंग फसतो म्हणून काउंटरवरची मुलगी तुकडा आणि दोऱ्याची दोन-तीन रिळे घेऊन थेट दारापर्यंत जायची आणि बाहेरच्या उजेडात जुळवून परत यायची. सहा पेनीच्या रिळासाठी एवढी यातायात कशाला, असे मी एकदा विचारले, तेव्हा तिला माझा प्रश्नच कळला नाही.

डेव्हिड मॉर्गन यांनी आधी डोंगरांमधील खोऱ्यांत, कोळसा-कामगारांच्या वस्त्यांत दुकाने चालवली आणि १८७९ मध्ये ते कार्डिफच्या हेज या भागात आले. दुकान वाढत वाढत थेट सेंट मेरी स्ट्रीटपर्यंत पोहोचले आणि त्याच्या पोटात शहराच्या दोन सुंदर आर्केड, म्हणजे काचेच्या छताच्या गल्ल्या, येऊन बसल्या. त्यांपैकी रॉयल आर्केड १८५८ ची, शहरातली सर्वांत जुनी. मॉर्गन आर्केड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. दुसरे मोठे नाव हॉवेल्स. पेम्ब्रोकशरमधील एका शेतकऱ्याचा मुलगा जेम्स हॉवेल याने १८६५ मध्ये हे दुकान काढले आणि दोन वर्षांत ते सेंट मेरी स्ट्रीटवर नेले. (कापडाचा धंदा हा त्या काळी वेल्सच्या शेतकरी घरांतील धाकट्या मुलांचा हमखास मार्ग असावा, असे वाटते, लंडनचे डी. एच. इव्हान्स, पीटर जोन्स आणि लिव्हरपूलचे ओवेन ओवेन हे तिघेही मूळचे वेल्सचेच.) शेजारची एकेक इमारत गिळत हॉवेल्स फोफावले, त्यामुळे आतले मजले एकमेकांशी जुळत नसत. तीन पायऱ्या चढून पुन्हा चार उतरल्यावर आपण भांड्यांत आहोत की पडद्यांत, हे वीस वर्षे येत असलेल्या गिऱ्हाइकालाही सांगता येत नसे. १९२८ ते १९३० दरम्यान पर्सी टॉमस या वास्तुविशारदाने बांधलेला स्तंभांचा भाग अजूनही रस्त्यावर रुबाबात उभा आहे.

हॉवेल्सची सर्वांत विलक्षण गोष्ट बाहेरून मात्र दिसत नसे. साठच्या दशकात बेथनी चॅपल ही बाप्टिस्ट पंथीयांची प्रार्थनावास्तू दुकानात सामील करून घेण्यात आली, आणि तिचे खांब आतच राहिले. प्रोटेस्टंट श्रद्धेपायी १५५५ मध्ये कार्डिफमध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या रॉलिन्स व्हाइट या कोळ्याचा स्मृतिफलकही तिथेच होता. शर्ट आणि गळपट्टे निवडता निवडता लोक त्या फलकाजवळून जात. मला आधी ते फार खटकले, पुढे मीही त्याजवळून तशीच जाऊ लागले.

क्वीन स्ट्रीटवरच्या दुकानांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांच्याशी माझा संबंध मुलांच्या निमित्ताने आला. किंग्जवेच्या कोपऱ्यावरचे इव्हान रॉबर्ट्स हे शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होते. ऑगस्टच्या अखेरीस तिथे ब्लेझरच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत ठेवायच्या की मनगटापर्यंत, यावरून प्रत्येक आईचे आपल्या मुलाशी भांडण चाललेले असे. सेकॉम्ब्ज, मार्मेंट्स, सी अँड ए ही नावेही जुन्या कार्डिफकरांच्या तोंडी अजून आहेत.

आता मूळ मुद्दा. सेकॉम्ब्ज आणि इव्हान रॉबर्ट्स ही दोन्ही दुकाने कोणाच्याही घरी इंटरनेट येण्यापूर्वीच इतिहासजमा झाली होती. सी अँड ए ने २००० मध्ये ब्रिटन सोडण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी आपली अखेरची दुकाने बंद केली. २००५ मध्ये, सव्वाशे वर्षे एकाच घराण्याकडे राहिलेले डेव्हिड मॉर्गन मिटले, तेव्हाही ब्रिटनमधील एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा जेमतेम होता. २००६ च्या अखेरीसदेखील तो शंभर पौंडांमागे तीन पौंडांच्या आसपासच होता. अशा वेळी कीबोर्डवर खुनाचा आरोप ठेवणे कितपत योग्य आहे?

माझ्या मते खरे कारण शोधायचे तर रेल्वे स्टेशनाकडे पाहावे लागेल. शनिवारी सकाळी ऱ्होंडा, मर्थर, केरफिली या कोळशाच्या खोऱ्यांकडून येणाऱ्या गाड्या क्वीन स्ट्रीट स्टेशनात रिकाम्या होत, आणि संध्याकाळी त्याच बायका कागदी पिशव्या आणि टोप्यांचे खोके सांभाळत परत जात. या दुकानांचा गल्ला कार्डिफच्या नव्हे, तर खोऱ्यांतल्या पगारावर भरत होता. १९८४-८५ चा खाण-कामगारांचा संप फसला, खाणी बंद होत गेल्या, आणि १९९० च्या डिसेंबरात ऱ्होंडातली शेवटची खाण, मार्डी, बंद झाली. गाड्या त्यानंतरही येत राहिल्या, मात्र खोकी दिसेनाशी झाली.

त्यात रस्त्यांनी भर घातली. १९९६ मध्ये सेव्हर्न नदीवर इंग्लंडला जोडणारा दुसरा पूल झाला आणि १९९८ मध्ये ब्रिस्टलजवळ क्रिब्ज कॉजवे येथे, गाडी लावायला भरपूर जागा असलेले प्रचंड खरेदी-केंद्र उघडले. ब्रिजेंडचे मोठे सवलत-केंद्रही त्याच वर्षीचे. पुलावरचा पथकर फक्त वेल्समध्ये शिरताना घेतला जाई. म्हणजे पैसे खर्चायला इंग्लंडात जाताना वाट मोकळी, आणि पिशव्या भरून घरी परतताना तेवढा कर! २०१८ मध्ये तो रद्द होईपर्यंत आम्ही या विनोदावर हसत राहिलो. मीही जात असे, हे कबूल करायला हवे. डेव्हिड मॉर्गनमध्ये त्या काळात मी बहुधा फक्त चहा पिण्यासाठीच जात होते.

राहिला प्रश्न मालकांचा. मी कार्डिफला येण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, हॉवेल्स हे हाउस ऑफ फ्रेझर समूहाकडे गेले होते. दारावरची पाटी मात्र २०१० पर्यंत जुनीच राहिली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तो समूह दिवाळखोरीत निघाला आणि काही तासांतच ९ कोटी पौंडांना विकला गेला. सेंट मेरी स्ट्रीटवरचे दुकान २०२३ च्या मार्चमध्ये कायमचे बंद झाले. क्वीन स्ट्रीटवरील बी.एच.एस.चा (ब्रिटिश होम स्टोअर्सचा) शेवट तर याहून लाजिरवाणा. ती अख्खी साखळी २०१५ मध्ये १ पौंडाला विकली गेली, वर्षभरात कोसळली, आणि कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीत ५७ कोटी पौंडांहून मोठे भगदाड असल्याचे उघड झाले. हा हिशेब कुठल्याही संकेतस्थळाने बिघडवलेला नव्हता.

मात्र डेव्हिड मॉर्गनला हे लागू पडत नाही, आणि म्हणूनच ते उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिथे परका मालक नव्हता. शहराच्या मधोमध असलेल्या त्या जागेची किंमत आतल्या व्यापारापेक्षा जास्त होऊन बसली होती, असे मला वाटते. पुढे वरच्या मजल्यांवर सदनिका झाल्या. हाकेच्या अंतरावर २००९ च्या शरदात सेंट डेव्हिड्स केंद्राचा नवा भाग आणि वेल्समधील सर्वांत मोठे डिपार्टमेंट स्टोअर, जॉन लुईस, उघडले. म्हणजे अशी मोठी दुकानेच कालबाह्य झाली होती, असेही म्हणता येत नाही.

ऑनलाइनचा हात मी नाकारीत नाही. २०२१ मध्ये डेबनहॅम्स या डिपार्टमेंट स्टोअर-साखळीची दुकाने बंद झाली, आणि ते नाव ५.५ कोटी पौंडांना एका ऑनलाइन कंपनीने उचलले. बर्टन, डोरोथी पर्किन्स, टॉपशॉप या कपड्यांच्या दुकानांचेही तसेच झाले. पण तोवर कार्डिफची स्वतःची अशी दुकाने उरली कुठे होती? जे इंटरनेटने नेले ते देशभर सारखेच असलेले दुकान होते. दारापाशी जाऊन दोरा जुळवणारे दुकान त्याच्या खूप आधी गेले.

तेव्हा डेव्हिड मॉर्गन बंद झाल्याचे साल कृपया दुरुस्त करावे, ही विनंती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘हॉवेल्स’ असे छापले आहे, पण चित्रातले काचेचे छत मॉर्गन आर्केडचे आहे, हेही जाता जाता कळवते.

आपली विश्वासू,
एक जुनी वाचक
कार्डिफ, वेल्स