तेरा टोप्यांचा माणूस

ह्यूस्टन, २० एप्रिल २०२५

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. "हा डोटेल कोण रे, की ज्याच्यासाठी तू चार दिवस गप्प आहेस?" असं विचारलंस. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच बुमराह काढला असतास. म्हणून पत्र.

८ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर सांतो दोमिंगोत (डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी) 'जेट सेट' नाइटक्लबचं छत कोसळलं. आत गाणं चालू होतं. दोनशेहून जास्त माणसं गेली. ऑक्टाव्हियो डोटेलला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, पण हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही. एक्कावन्न वर्षांचा होता, आणि ते त्याचंच गाव.

बेसबॉलमधला मोठा खेळाडू होता का? नाही. रिलीफ पिचर होता, मध्येच येऊन चेंडू टाकणारा. म्हणजे सामन्याचा बराचसा वेळ मैदानाकडेला बुलपेनमध्ये बसायचं, फोन वाजला की हात गरम करायचा आणि दुसऱ्याने करून ठेवलेला पसारा आवरायला जायचं. नीट आवरला तर कौतुक सुरुवात करणाऱ्याचं. बिघडवला तर शिव्या ह्याला. आपल्या गल्लीत शेवटची ओव्हर नेहमी तुझ्या गळ्यात मारायचो ना, तसंच.

मी इथे आलो तेव्हा तो न्यूयॉर्क मेट्सकडून येऊन आमच्या ॲस्ट्रोजमध्ये, म्हणजे ह्यूस्टनच्या संघात, होता. ११ जून २००३ची ती मॅच मी टीव्हीवर पाहिली. समोर न्यूयॉर्कचे यांकीज, तेही त्यांच्या घरच्या मैदानावर. आमचा पिचर रॉय ओस्वाल्ट दुसऱ्याच इनिंगमध्ये (मॅचमध्ये अशा नऊ असतात) जखमी होऊन बाहेर. मग एकामागून एक पाच जण आले, आणि सहा जणांनी मिळून यांकीजना एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, दिला नाही! आठवी इनिंग डोटेलची. त्या एका इनिंगमध्ये त्याने चार स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) घेतले. तू म्हणशील, बाद तर तीनच होतात. पण तिसरा स्ट्राइक कॅचरला आवरला नाही तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. एक पळाला, पोचलाही. तरीही डोटेलने इनिंग स्ट्राइकआउटनेच संपवली.

पुढच्याच वर्षी त्याला ओकलंडला देऊन टाकलं. २००५मध्ये कोपराचं ऑपरेशन, मग यांकीज, कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागो. २०१०च्या एकाच मोसमात पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस आणि कोलोरॅडो. घरमालकांची नावं तरी लक्षात राहत असतील का रे? २०११मध्ये टोरोंटोने मोसमाच्या मध्येच सेंट लुईसला धाडलं, आणि त्याच ऑक्टोबरात तो वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकला. २०१२मध्ये डेट्रॉइट, तेरावा संघ. तेव्हा हा विक्रम होता. २०१९मध्ये एडविन जॅक्सन नावाच्या पिचरने चौदावा संघ गाठून तो मोडला.

लोक हसायचे त्याच्या टोप्या मोजून. मला ते कधी पटलं नाही. बारा ठिकाणांहून गेला, पण तेरा ठिकाणी त्याला घेतलं! ९५१ इनिंगमध्ये १,१४३ स्ट्राइकआउट, तेही बहुतेक वेळा सामना अडलेला असताना. (माझी सातवी कंपनी आहे, म्हणून त्याची बाजू घेतोय असं समज. आई अजून फोनवर "इथे तरी टिक" म्हणते.)

डिसेंबरात येतोय. बेसबॉलचा चेंडू आणतो. शिवण वेगळी असते, हातात धरून बघ. आणि तुझ्या खांद्याचं काय झालं ते पत्रातच लिही, फोनवर तू खोटं बोलतोस.

तुझा,
नंदू