बाइटांचा क्रम समजावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

वाळपईजवळच्या एका गावातल्या टाकीची पाण्याची पातळी आम्हाला फोंड्यात बसून पाहायची होती. मीटर मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल) बोलणारा, लायब्ररी सी भाषेतली, आमचा प्रोग्राम पायथनमधला. टाकीत अडीच मीटर पाणी असलं की पडद्यावर शून्य, आणि २.३५ मीटर झालं की चोवीस आकडी संख्या! वायरी तपासल्या, सेन्सर बदलला, भर पावसात तीन खेपा झाल्या. चवथ आठ दिवसांवर आली होती आणि गावाला मी शब्द दिला होता.

त्या रात्री त्या लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेतलं तुम्ही लिहिलेलं पान वाचलं. मॉडबसचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटांचं; आमची दशांश संख्या ३२ बिटांची, म्हणजे ती दोन रजिस्टरांत विभागली जाते. त्यातलं आधी कुठलं, हे प्रोटोकॉल सांगत नाही. मीटर बनवणारा ठरवतो. आमच्या मीटरचा क्रम उलटा निघाला. एका ओळीत काम झालं.

पुढे तुम्ही एक अख्खा संदेश फोडून दाखवला आहे: ०१ हा यंत्राचा पत्ता, ०३ म्हणजे रजिस्टर वाच, मग कुठून आणि किती. रजिस्टरातला वरचा बाइट आधी जातो, पण शेवटच्या सीआरसीचा (चूक पकडायच्या तपासणी-आकड्याचा) खालचा बाइट आधी. कागदोपत्री ४०००१ असलेलं रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने जातं, हेही तिथेच कळलं.

पण माझ्या मते खरी मेहनत बाइंडिंगच्या, म्हणजे सीमधली लायब्ररी दुसऱ्या भाषेतून वापरायच्या जोडणीच्या, पानावर आहे. फंक्शन काय परत देतं हे पायथनमधल्या सीटाइप्स या जोडणीच्या साधनाला सांगितलं नाही, तर ते साधा पूर्णांक धरून चालतं. ६४ बिटी मशीनवर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) अर्धा कापला जातो आणि प्रोग्राम कोसळतो. ‘अशी ओळ घाला’ एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत, कारण लिहिलंत. कुठली मेमरी कोणी सोडायची, तेही प्रत्येक फंक्शनखाली. दिवसभराची नोकरी सांभाळून हे कधी लिहिलंत, देव जाणे.

चवथीच्या आदल्या दिवशी पडद्यावर २.३५ दिसलं. टाकीवरच्या पंपवाल्या काकांनी काठी बुडवून मोजलं आणि फोनवर म्हणाले, ‘बरोबर हां!’ ते तुम्हाला ऐकवायचं होतं.

जावा बाइंडिंगचं पान अजून कोरं आहे. ते मी लिहायला घेतलंय. मसुदा पाठवतो, लाल शाईने खुशाल भरा.

तुमचा,
फोंड्याचा एक वाचक