व्हॅलेरोचा फोटो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पोरांनी सरावाच्या हॉलमध्ये व्हेनेझुएलाच्या एडविन व्हॅलेरो या बॉक्सरचा फोटो लावायचा हट्ट धरलाय आणि तू मला विचारतोयस, लावू की नको. उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण तुझं पत्र आल्यापासून चार रात्री मी त्याच्या लढती पुन्हा काढून बघतोय, त्यामुळे आता सगळंच लिहितो.

पोरांना काय भुरळ पडलीय ते मला ठाऊक आहे, कारण तीच मलाही पडली होती. २७ लढती, २७ विजय, आणि सगळे नॉकआउट. हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो ४९ लढतींत अजिंक्य राहिला, पण त्यालाही सहा वेळा गुणांवर जिंकावं लागलं होतं. व्हॅलेरोच्या एकाही लढतीचा निकाल परीक्षकांना द्यावा लागला नाही. पहिल्या १८ लढती तर पहिल्याच फेरीत आटोपल्या. या आकड्यावरून मी तुझ्याशी किती वाद घातलाय! तू म्हणायचास, समोर कोण होतं ते बघ. तेव्हा मला राग यायचा. आज सांगतो, तुझं बरोबर होतं. त्या १८ जणांतली बरीच नावं बॉक्सिंगवेड्या माणसालाही सांगता येणार नाहीत.

पण तसं का झालं, हेही पोरांना कळायला हवं. २००१ मध्ये, व्यावसायिक होण्याआधीच, मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी फुटली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मेंदूजवळची रक्ताची गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. २००४ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये लढायला गेला तेव्हा मेंदूच्या तपासणीत हे उघड झालं आणि त्याला परवाना नाकारला गेला. त्यानंतर अमेरिकेची दारं त्याला कित्येक वर्षं बंद राहिली. मोठा पैसा आणि मोठी नावं तिथेच होती. मग व्हेनेझुएला, पनामा, जपान, मेक्सिको, जिथे उभं राहू देतील तिथे तो लढला. पुढे टेक्सासने परवाना दिला, तेव्हा कुठे २००९ मध्ये ऑस्टिनमध्ये अंतोनियो पितालुआला दुसऱ्या फेरीत झोपवून त्याने लाइटवेटचा, म्हणजे १३५ पौंडांच्या गटाचा, डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा किताब घेतला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांवर तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, त्या सगळ्या काळात त्याच्या भल्याचा विचार बहुधा त्यांनीच केला.

तुझ्या पोरांना मी त्या १८ लढती दाखवणार नाही. पनामा सिटीतली ५ ऑगस्ट २००६ ची लढत दाखवीन. समोर व्हिसेंते मोस्केरा, त्याच्याच देशात, १३० पौंडांच्या गटाचा, डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा विजेता. पहिल्या फेरीत व्हॅलेरोने त्याला दोनदा पाडलं. झालं, संपली म्हणायची. पण मोस्केरा उठला. आणि तिसऱ्या फेरीत व्हॅलेरो स्वतः खाली गेला. सुहास, त्याआधीच्या १९ लढतींत या माणसाने तिसरी फेरी पाहिलीच नव्हती! रिंगमध्ये दम कसा पुरवायचा, मार खाऊन डोकं शांत कसं ठेवायचं, हे तो जगज्जेतेपदाच्या लढतीत, भर लढाईत शिकत होता. दहाव्या फेरीत त्याने ती जिंकली. मला तो खरा कळला तो त्या रात्री.

त्याच्या ठोशाबद्दलही मला एक गैरसमज काढायचाय. एका फटक्यात माणूस गार करणारा तो नव्हता. डावखुरा, हनुवटी वर, हात लांबून आणणारा. तुझ्याकडे नवा मुलगा असा उभा राहिला तर तू त्याला दहा वेळा टोकशील. पण त्याचा मारा थांबायचाच नाही. समोरच्याला श्वास घ्यायला, पाय लावायला सवडच नाही. प्रत्येक ठोशात वजन असायचं आणि पाचवा ठोसा पहिल्याइतकाच जड असायचा.

आणि मग मेक्सिकोतलं मॉन्टेरे, ६ फेब्रुवारी २०१०. अंतोनियो डीमार्को, तोही डावखुरा, उंच. त्याचं कोपर चुकून लागलं आणि व्हॅलेरोच्या कपाळावर केवढी मोठी खोक पडली. चेहरा रक्ताने माखला. मला वाटलं, आता हा पिसाळणार. उलट झालं. तो अंतर राखून, कोन बदलत, पायांवर खेळला. जबडा सोडून बरगड्या शोधल्या. नवव्या फेरीनंतर डीमार्को स्टुलावरून उठलाच नाही. हा डीमार्को पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला, म्हणजे तो विजय नुसता भरतीचा नव्हता. त्या काळचा दिग्गज फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅकियाओशी व्हॅलेरोची गाठ पडावी असं लोक बोलायला लागले होते, आणि त्या रात्रीनंतर ते मलाही खरं वाटायला लागलं.

तरीही पनामाच्या थोर बॉक्सर रोबेर्तो डुरानच्या रांगेत मी त्याला बसवणार नाही. डुरान १९७२ मध्ये लाइटवेटचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी, किताब पणाला नसलेल्या लढतीत, एस्तेबान दे हेसूसकडून हरला. मग त्याच दे हेसूसला त्याने १९७४ आणि १९७८ मध्ये, दोन्ही वेळा नॉकआउट केलं. लाइटवेटचा किताब त्याने १२ वेळा राखला. व्हॅलेरो हरल्यावर कसा उठला असता, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी हे पत्र दोन दिवस बाजूला ठेवलं होतं.

मॉन्टेरेनंतर महिन्या-दीड महिन्यात त्याच्या पत्नीला इस्पितळात न्यावं लागलं. बरगड्या मोडलेल्या, फुप्फुसाला इजा. तो तिथल्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून गेला, अटक झाली, उपचारांसाठी ठेवलं गेलं, आणि थोड्याच दिवसांत तो बाहेर आला. १८ एप्रिल २०१० ला व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया शहरात एका हॉटेलच्या खोलीत ती मृतावस्थेत सापडली. २४ वर्षांची होती. पोलिसांनी सांगितलं की खाली येऊन त्यानेच खुनाची कबुली दिली. दुसऱ्या दिवशी कोठडीत त्याने गळफास घेतला. तो २८ वर्षांचा होता. खटला उभाच राहिला नाही. मागे दोन लहान मुलं राहिली.

लोक त्या अपघाताचं, डोक्याच्या दुखापतीचं कारण देतात. मी ते देणार नाही. अशा दुखापती घेऊन जगणारी कितीतरी माणसं घरात कोणावर हात उचलत नाहीत. मला सलतं ते वेगळंच. ती इस्पितळात होती तेव्हा हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी तो किताबवाला, देशाचा लाडका, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चावेस यांचं चित्र छातीवर गोंदवलेला माणूस म्हणून त्याला पुन्हापुन्हा सांभाळून घेतलं गेलं. आपणही तेच केलं, सुहास. बातमी आली त्या रात्री मी तुला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य काय बोललो होतो? "पॅकियाओशी लढत राहिलीच." ते आठवलं की आजही लाज वाटते. तू गप्प होतास, आणि मग विचारलंस, मुलं कुठे आहेत?

तर फोटो लावू नकोस. मॉन्टेरेची लढत मात्र पोरांना पूर्ण दाखव, मधे थांबवून पाय दाखव, बरगड्यांवरचे ठोसे मोजायला लाव. शिकण्यासारखं त्यात फार आहे. आणि संपल्यावर कोणीतरी विचारेलच, मग पुढे काय झालं? तेव्हा विषय बदलू नकोस. सगळं सांग, तिचं वयही सांग.

आणखी एक. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला तुझा तो मुलगा परत यायला लागलाय, असं तू सहज लिहिलंयस. डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय त्याला हातमोजे चढवू देऊ नकोस. तो रडला तरी नको. कागद हातात आला की मला कळव.

तुझा,
अवि